खेळण्यातला ट्रक आणि दगडांची वाट

आपल्या घराच्या माळ्यावर किंवा पलंगाखालच्या खोक्यात नातवंडांची जुनी खेळणी असतीलच. जरा शोधलेत, तर त्यांत मोठ्या चाकांचा, रिमोटवर चालणारा एखादा ट्रकही सापडेल. वाढदिवसाला कुणीतरी दिलेला, आठ दिवस घरभर धावलेला आणि मग विसरला गेलेला. खोक्यावरच्या चित्रात तो डोंगरकडे ओलांडत असतो. प्रत्यक्षात अंगणातल्या पायरीची कडही त्याला चढवत नाही. पुढची चाके वर उचलली जातात आणि ट्रक उताणा पडतो. या लेखात आपण त्याच ट्रकला खरोखर दगडांवरून चालते करणार आहोत. आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर त्याचे उत्तर मला माझ्याच घरात मिळाले.

सासूबाईंना जाऊन वर्ष होत आले होते. सासऱ्यांचे सारे आयुष्य लेथ मशीनसमोर गेलेले. निवृत्तीनंतरही घरातला नळ, पंखा, दाराची कडी हे त्यांचेच खाते होते. सासूबाई गेल्यावर मात्र आम्ही सर्वांनी प्रेमापोटी त्यांच्या हातातले एकेक काम काढून घेतले. नळाला प्लंबर येऊ लागला, विजेचे बिल मोबाइलवरून भरले जाऊ लागले, भाजी दारात येऊ लागली. ते खिडकीपाशी बसून राहत, दोन्ही हात मांडीवर ठेवून. जेवायला हाक मारली की येत, विचारले तर उत्तर देत. एका संध्याकाळी नातवाचा ट्रक तुळशीवृंदावनाच्या पायरीशी तिसऱ्यांदा उलटला. त्यांनी तो उचलला, तळहातावर तोलून पाहिला आणि म्हणाले, "पुढून हलका आहे हा. चढणार कसा?" कित्येक दिवसांत कुणी न विचारता त्यांनी उच्चारलेले ते पहिले वाक्य होते.

छंद आणि त्याची मर्यादा

दगडांवरून छोट्या गाड्या संथपणे चढवण्याचा हा छंद जगात अनेक ठिकाणी गांभीर्याने जोपासला जातो. जपानच्या तामिया कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेला 'क्लॉड बस्टर' हा मोठ्या चाकांचा ट्रक पुढे अनेक हौशी मंडळींनी याच कामासाठी बदलून घेतला. आज या छंदासाठी मुद्दाम बनवलेल्या गाड्या मिळतात. पण त्यांच्या किमती हजारांच्या घरात जातात. आपल्याला त्यांची गरज नाही. स्वस्त खेळण्याचा एक मोठा गुण असा, की ते बिघडले तरी जीव हळहळत नाही, त्यामुळे हात मोकळेपणाने चालतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागेल. हा काही उपचार नव्हे. ट्रक दुरुस्त केल्याने विसरभोळेपणा थांबतो किंवा संधिवात बरा होतो, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. मात्र 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ देशांतील ६५ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या सुमारे ९३ हजार व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांना एखादा छंद होता, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी आणि जीवनाविषयीचे समाधान अधिक आढळले. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. आनंदी माणसे छंदाकडे अधिक वळतात, हेही शक्य आहे. तरीही रिकाम्या हातांना आवडीचे काम मिळावे, यासाठी एवढा आधार पुरेसा आहे.

ट्रक का उलटतो?

काम सुरू करण्यापूर्वी ट्रकचे दुखणे समजून घ्या. ते चार ठिकाणी असते.

पहिले, वजन उंचावर आणि मागे असते. चढणीवर गाडीचा भार आपोआप मागच्या चाकांवर सरकतो. पुढची चाके मुळातच हलकी असतील तर ती जमीन सोडतात. दुसरे, टायर कडक आणि गुळगुळीत असतात, त्यामुळे दगडाला धरत नाहीत. तिसरे, स्प्रिंगा ट्रकच्या वजनाच्या मानाने फार ताठ असतात. एक चाक दगडावर चढले की समोरचे दुसरे चाक हवेत लोंबकळते. आणि चौथे, काही ट्रकांच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल असते. वळणावर बाहेरचे चाक अधिक फिरावे म्हणून केलेली ही रचना दगडांवर मात्र घात करते. जे चाक हवेत आहे, तेच गरगर फिरत राहते आणि दगडावर टेकलेले चाक जागचे हलत नाही.

ही चार दुखणी ओळखली की इलाजही चारच. सोप्याकडून अवघडाकडे जाऊ या. एका बैठकीत एकच काम करायचे, हा नियम मात्र पाळा.

पहिली बैठक : तोलणे

यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा हवा. पुढची दोन चाके काट्यावर ठेवा आणि मागच्या चाकांखाली काट्याच्याच उंचीची वह्यापुस्तके ठेवा, म्हणजे ट्रक सपाट राहील. आकडा लिहून घ्या. मग ट्रक फिरवून मागच्या चाकांचे वजन घ्या. समजा, पुढे २८० ग्रॅम आणि मागे ३६० ग्रॅम भरले, म्हणजे एकूण वजन ६४० ग्रॅम. दगडांवर चढणाऱ्या गाडीत साधारण साठ टक्के भार पुढे असावा, असे या छंदातली जाणती मंडळी मानतात. आपल्या उदाहरणात पुढे जेमतेम ४४ टक्के आहे.

आता काय हलवता येईल ते पाहा. सर्वांत जड वस्तू बहुधा सेलचा संच असतो. तो ९० ग्रॅमचा असून मागच्या ॲक्सलवर बसवलेला असेल आणि तारा पुरत असतील, तर तो पुढच्या ॲक्सलवर, शक्य तितका खाली आणा. आता पुढे ३७० आणि मागे २७० ग्रॅम झाले. टायरच्या दुकानात मोटारीच्या चाकांच्या बॅलन्सिंगसाठी पाच आणि दहा ग्रॅमच्या चिकटवायच्या पट्ट्या मिळतात. पुढच्या प्रत्येक चाकाच्या आत १५ ग्रॅम चिकटवले, की पुढे ४०० ग्रॅम होतात आणि एकूण ६७० ग्रॅमच्या ट्रकचा साठ टक्के भार पुढे येतो. हे वजन चाकांतच ठेवण्याचे कारण असे, की तेथे ते जमिनीच्या सर्वांत जवळ असते. पट्ट्या घेताना लोखंडी मागा. शिशाच्या पट्ट्या घरात, विशेषतः लहान मुलांच्या हाती, नकोत.

टपावरचे कॅरिअर, खोटे दिवे, मागचे जादा चाक ही सारी शोभा काढून ठेवा. वरचे ओझे जितके कमी, तितका ट्रक स्थिर.

हा सारा हिशेब कागदावर पेन्सिलीने करावा, मोबाइलवर नको. ज्यांचे हात एके काळी कॅलिपर धरत, कापड मोजत किंवा खतावणी लिहीत, त्यांना हा कागद फार जवळचा वाटतो.

दुसरी बैठक : चाके

टायरवरची चकाकी सँडपेपरने घासून काढा. काम सोपे, लयीचे आणि बोटांना हलका व्यायाम देणारे आहे. धूळ उडू नये म्हणून खाली ओले फडके ठेवा. टायर चाकावरून निघत असेल, तर त्यात भांडी घासायच्या मऊ स्पंजाची पट्टी भरा. पोकळ टायर ट्रकच्या वजनाने लोळतो आणि भरीव टायर दगडावर दबत नाही. स्पंज या दोहोंच्या मधला मार्ग काढतो. टायर फारच कडक प्लॅस्टिकचा असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रुंद कड्या कापून त्या चाकावर ताणून बसवा. दगडावरची पकड किती बदलते, ते लगेच दिसेल.

तिसरी बैठक : स्प्रिंगा

ट्रकचे एक पुढचे चाक काड्यापेटीवर ठेवा. उरलेली तीन चाके टेबलाला टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर स्प्रिंगा ताठ आहेत. त्यांच्या जागी बॉलपेनातल्या मऊ स्प्रिंगा बसतात का, ते पाहा. ट्रक थोडा खाली बसला तरी हरकत नाही, उलट ते चांगलेच. स्प्रिंग सुटून उडते, म्हणून या कामात चष्मा डोळ्यांवरच असू द्या.

चौथी बैठक : ॲक्सल

हे काम थोडे कसबाचे आहे. ज्यांना सवय आहे त्यांनीच हाती घ्यावे. ॲक्सलचे आवरण उघडण्यापूर्वी मोबाइलने एक छायाचित्र काढा, म्हणजे परत जोडताना शोधाशोध होणार नाही. आतल्या डिफरन्शियलमध्ये एकमेकांत गुंतलेली छोटी चाके दिसतील. त्यांवरचे ग्रीस स्पिरिटने पुसून काढा आणि मधल्या पोकळीत इपॉक्सी पुट्टी भरा, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके एकत्रच फिरू लागतील. बाहेरच्या दात्यांवर पुट्टी लागू देऊ नका आणि एक दिवस पूर्ण वाळू द्या. यानंतर ट्रकला वळायला अधिक जागा लागेल. दगडांवर ती किंमत परवडते.

याच्या पुढचा टप्पा रिमोटचा. स्वस्त रिमोटमध्ये बटण दाबले की पूर्ण वेग, सोडले की शून्य. त्यामुळे बटण थोडे-थोडे, टिचक्या दिल्यासारखे दाबायची सवय करावी लागते. बोट जितके दाबाल तितकाच वेग देणारा रिमोट आणि त्याला जोडणारा छोटा नियंत्रक स्वतंत्र मिळतो, पण तो खर्च लगेच करू नका. टिचक्या मारून संथ चालवण्यातही एक कौशल्य आहे. वेग वाढावा म्हणून जास्त व्होल्टची बॅटरी मात्र कधीही जोडू नका. दगडांवर वेगाचा उपयोग नाही, आणि आतले सर्किट जळते ते वेगळेच.

शरीर सांभाळून

हे काम जमिनीवर मांडी घालून नव्हे, तर हात असलेल्या खुर्चीवर, टेबलाशी बसून करायचे. कोपर टेबलावर टेकले की हाताचा कंप सुसह्य होतो. प्रकाश ज्या हाताने काम करता त्याच्या विरुद्ध बाजूने यावा, म्हणजे स्वतःचीच सावली आड येत नाही. टेबलावर पांढरा टॉवेल पसरा; त्यावर पडलेला स्क्रू दिसतो आणि घरंगळतही नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड करा. सांधे दुखणाऱ्या बोटांना बारीक मूठ आवळण्यापेक्षा जाड मूठ धरणे सोपे जाते. वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा आणि सावकाश उठा. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते.

रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर पाते आणि करवतीचे काम दुसऱ्याकडे द्या. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर सोल्डरिंगची गरम सळई हाती घेऊ नका. भाजलेले वेळेवर कळत नाही. मोटारीच्या आत चुंबक असते. पेसमेकर बसवलेल्यांनी मोटार किंवा स्क्रू गोळा करायचे चुंबक छातीपासून किमान वीतभर दूर ठेवावे, शर्टाच्या खिशात तर मुळीच नको.

आणखी एक खबरदारी. झटपट चिकटणारा गोंद डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीजवळ कधीही ठेवू नका. दोन्ही बाटल्या छोट्या आणि सारख्याच दिसतात, आणि चुकीची बाटली उचलली गेल्याचे अपघात खरोखर घडलेले आहेत. गोंदाची जागा हत्यारांच्या डब्यात, औषधांची औषधांच्या डब्यात.

घरात लहान मूल असेल तर सेलकडे विशेष लक्ष हवे. घड्याळातले किंवा श्रवणयंत्रातले बटणासारखे चपटे सेल गिळले गेल्यास अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. पुन्हा भरता येणारे सेल झोपेच्या वेळी किंवा घराबाहेर जाताना चार्जिंगला लावून ठेवू नयेत. फुगलेला सेल वापरातून काढावा. तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावा.

दगडांची वाट

ट्रक तयार झाला की वाट बांधा. गच्चीवर, गॅलरीत किंवा अंगणातल्या ओट्यावर पंधरा-वीस दगड पुरतात. वाट शक्यतो ओट्यावर वा बाकावर, कमरेच्या उंचीला असावी, म्हणजे वाकावे लागत नाही. जमिनीवर मांडली तर ती येण्याजाण्याच्या मार्गात नको. पायाखाली आलेला ट्रक म्हणजे मोडलेल्या खुब्याला आमंत्रण. चाकाच्या उंचीच्या निम्म्याहून कमी उंचीचे दगड आधी घ्या. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड या कामाला उत्तम. खरबरीत असल्याने टायर त्याला धरतो. उलटलेला ट्रक उचलायला पेरू-आंबे काढायची आकडी हाताशी ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी खुर्चीवरून उठणे नको.

आईस्क्रीमच्या दोन-दोन काड्या रोवून फाटके करा. फाटक पडले, ट्रक मागे घेतला किंवा हात लावावा लागला, की दंडगुण. ज्याचे दंडगुण कमी, तो जिंकला. या खेळात घाई करणारा हरतो. म्हणूनच आजोबा आणि दहा वर्षांचा नातू येथे बरोबरीने खेळू शकतात, आणि बहुतेक वेळा आजोबाच जिंकतात.

काळजी घेणाऱ्यांसाठी

आता थोडे आपल्याशी, जे घरातल्या वडीलधाऱ्यांची काळजी वाहतात त्यांच्याशी. या साऱ्या उद्योगात चूक झाली ती माझ्याकडून, म्हणून अधिकाराने लिहिते.

दुसऱ्या आठवड्यात सासरे ॲक्सलचा एक स्क्रू काढत होते. हात थरथरत होता, टोक खाचेतून पुन्हा पुन्हा निसटत होते. दहा मिनिटे झाली. मला स्वयंपाकाची घाई होती आणि ते बघवतही नव्हते. "द्या इकडे," म्हणत मी तो स्क्रू ड्रायव्हर घेतला, जोर लावला आणि स्क्रूची खाच पार घासून टाकली. आता तो कुणालाच निघेना. ते काही बोलले नाहीत. टॉवेल घडी करून ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन बसले. चार दिवस टेबलाकडे फिरकले नाहीत.

मला वाटले होते, मी त्यांचे कष्ट वाचवले. खरे तर ती दहा मिनिटे त्यांच्या मालकीची होती, आणि मी ती काढून घेतली. पाचव्या दिवशी मी ट्रक त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटले, "माझ्याने बिघडला. कसा काढायचा ते सांगाल का?" त्यांनी बराच वेळ स्क्रूकडे पाहिले. मग रबरबँड मागितला, तो स्क्रूच्या डोक्यावर पसरला, वरून टोक दाबून सावकाश फिरवले. स्क्रू निघाला. "जोर लावायचा नसतो, सूनबाई," एवढेच म्हणाले.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे : मागितल्याशिवाय मदत नाही. धोका दिसला तर जरूर थांबवा. मात्र संथपणा हा धोका नव्हे. कुणाला विसराळूपणाचा आजार असेल, तर एकच छोटे काम पुढे ठेवा : टायर घासणे, स्क्रू आकाराप्रमाणे वाट्यांत लावणे. उद्या तेच काम पुन्हा केले तरी चालेल. गोंद, पाती आणि सेल मात्र आपल्या ताब्यात ठेवा, आणि बारीक स्क्रू तोंडात जाण्याची शक्यता असेल तर तेही. आणि कृपा करून 'आजोबा पुन्हा लहान झाले' असे पाहुण्यांसमोर म्हणू नका. ते लहान झालेले नाहीत. ते काम करत आहेत.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. सासूबाई गेल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला सासऱ्यांनी पेटी उघडली नव्हती. यंदा त्यांनी स्वतः ती पुसली, पाने आणि स्क्रू ड्रायव्हर ओळीने मांडले, आणि शेवटी तो ट्रकही त्यांच्या शेजारी ठेवला, सायकलच्या ट्यूबच्या चाकांसह. संध्याकाळी तो तुळशीवृंदावनाची पायरी चढला. तीन वेळा मागे घसरला, चौथ्यांदा चढला. नातू ओरडत होता. सासऱ्यांनी रिमोट खाली ठेवला, ट्रक उचलला आणि मागची चाके निरखून म्हणाले, "ह्या बाजूचा स्पंज बदलायला हवा."